धागा: 'साचा' बघितला. पटवर्धनांची मुंबई भारी, पण चित्रात आपलं गाव कुठाय?

हरिपूररोड (सांगली)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, घाई असेल त्यांनी डायरेक्ट शेवटचा परिच्छेद वाचून भांडायला सुरुवात करावी.

आमचा इथं सांगलीत पाचसात टाळक्यांचा ग्रुप आहे, कुणाच्या तरी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून डॉक्युमेंटरी बघायची, मग भडंग खात वाद घालायचा, एवढाच कार्यक्रम. यावेळी 'साचा' (म्हणजे माग) लावली होती. २००१ सालची, अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर या दोघांनी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये असताना केलेली, तासाच्या आतच संपते. एक कवी नारायण सुर्वे, एक चित्रकार सुधीर पटवर्धन, आणि तिसरी मुंबई. कापड गिरण्या, संप, डावी चळवळ, बदलत गेलेलं शहर, हे सगळं या दोघांच्या बोलण्यातनं, कवितांतनं आणि चित्रांतनं येत राहतं. निवेदक घसा खाकरून "मुंबई हे स्वप्नांचं शहर" वगैरे म्हणत नाही, त्यामुळं निम्मी लढाई तिथंच जिंकली.

पटवर्धन म्हटल्यावर सांगलीत पहिला प्रश्न यायचा तो आलाच, "आपल्या पटवर्धन संस्थानिकांपैकी का?" तो विषय बाजूला ठेवू. हे पुण्यात जन्मलेले, १९४९ चे, तिथल्याच एएफएमसीतनं (लष्कराचं मेडिकल कॉलेज) १९७२ ला डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. चित्रकला कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकले नाहीत, दवाखाना सांभाळून स्वतःच शिकत गेले. (एक विनंती, एक्स-रे काढणारा डॉक्टर म्हणून माणसाच्या आतलं बघतो असलं वाक्य कुणी टाकू नका, प्रत्येक लेखात ते असतंय आणि त्यातनं काही कळत नाही.)

सुरुवातीच्या चित्रांत माणूस मोठा आहे. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७ चं, 'ट्रेन' १९८० चं. लोकलमध्ये, हॉटेलात, रस्त्यावर दिसणारी साधी माणसं, पण अंगाला वजन असलेली, जागा व्यापून बसलेली. मला आवडलं ते हे की ती रडवेली नाहीत आणि मूठ आवळून उभी पण नाहीत. कामगार म्हटला की आपल्याकडं दोनच पोझ, एकतर बिचारा नाहीतर क्रांतिकारक. इथं तो नुसता थकून बसलाय, उद्या परत जायचंय. मग हळूहळू माणसं लहान होत जातात आणि शहर मोठं, पूल, नाले, बिल्डिंगा, डोंगर पोखरून केलेल्या वसाहती. 'पोखरण' म्हणून १९९० चं चित्र आहे ते राजस्थानचं नाही, ठाण्याच्या पोखरण रोडचं. 'उल्हासनगर' आहे. २००१ चं 'लोअर परळ' आहे. म्हणजे मरीन ड्राइव्ह आणि गेटवे सोडून जिथं माणसं खरोखर राहायला गेली त्या कडेकडेच्या मुंबईत हा माणूस फिरतोय.

आता माझं भांडण. फिल्म संपल्यावर माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा, जे स्वतः परळच्या गिरणीत बदली कामगार (कायम नसलेले, कुणी गैरहजर असलं की त्याच्या जागी लागणारे) होते, ते म्हणाले, "समदं बरोबर हाय, पर आमी सुट्टीत कुटं जायचो ते न्हाई दावलं." आणि ते डोक्यातनं जाईना. गिरणगावातला माणूस अर्धा कोकणातला आणि बाकीच्यात आपला घाटावरचा किती तरी, साताऱ्याचा, सांगलीचा, कोल्हापूरचा. त्याचं निम्मं आयुष्य गावाकडं होतं, बायको पोरं इकडं, मनिऑर्डर इकडं, म्हातारपण पण इकडंच. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख लोक बाहेर, आणि त्यातले कितीतरी एसटीनं आपापल्या गावाला आले ते परत गेलेच नाहीत. मग शहराचं चित्र काढताना ही मागची बाजू चित्रकारानं दाखवायला नको का? का ते त्याचं कामच नव्हे? बोला.

पाटणचा_नातू (सातारा)

हरिपूरदादा लई दिवसांनी चांगला धागा. आमचे आजोबा गिरणीत साचेवाले (माग चालवणारे) होते, पाटण तालुक्यातनं गेलेले. घरात गिरणीच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो. फिल्म पाहिली नाही पण सुर्वे माहीत आहेत, ते स्वतः गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना सापडलेलं पोर, लहानपणी गिरणीत राबले, शिपाई झाले, मग म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. त्यांचं घरच ते. म्हणून त्यांनी कामगारावर लिहिलं तर ते आतनं येतं.

डॉक्टरसाहेबांचं तसं नाही ना. ते बघणारे. मला राग नाही पण फरक आहे. बैठकीच्या खोलीत, म्हणजे गिरणीवाले मिळून राहायचे त्या एकेका खोलीत वीसपंचवीस माणसं असायची, ज्याची पाळी संपली तो आला की ज्याची सुरू व्हायची तो वळकटी गुंडाळून निघायचा, एकच जागा तीन पाळ्यांत तिघं वापरायचे. सामान भिंतीवरच्या फळीवर, जेवण खानावळीत, झोप उन्हाळ्यात फुटपाथवर. हे बाहेरनं कळतंय का? पुलावर उभं राहून गर्दी दिसते, खोली दिसत नाही.

रंगमास्तर (मिरज)

निवृत्त चित्रकला शिक्षक आहे, त्यामुळे थोडं लेक्चर सहन करा.

नातू, तुमचं म्हणणं मान्य करायला जड जातंय. बघणारा असणं हा चित्रकाराचा गुन्हा नव्हे, तो धंदाच आहे. प्रश्न असा की उभं कुठनं राहून बघितलं. पटवर्धनांचं मला जे वाटतं ते असं की ते स्वतःला बाहेरचा समजूनच रंगवतात, मी तुमच्यातलाच आहे असा आव आणत नाहीत. मध्यमवर्गीय डॉक्टर लोकलमध्ये समोरच्या सीटवरच्या माणसाकडं बघतोय आणि त्या माणसाला पण माहीत आहे की आपल्याकडं कुणीतरी बघतंय, हे त्या नजरांत दिसतं. १९८१ ला 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झालं होतं, भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि हे. अमूर्त चित्रांचा जोर असताना या सहा जणांनी माणूस आणि त्याचा परिसर परत चित्रात आणला, त्यामुळं हे काही एकट्याचं वेड नव्हतं.

आता फिल्मबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. कॅमेरा चित्रावरनं सरकतो, आधी एक चेहरा, मग हात, मग खिडकी. तुम्हाला वाटतं चित्र बघितलं. नाही बघितलं! दिग्दर्शकानं कुठं बघायचं ते ठरवलं आणि तुम्ही ते बघितलं. मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहिलं की डोळा आपणच फिरवतो, मागं जातो, पुढं येतो. शिवाय पटवर्धनांच्या नंतरच्या शहरांच्या चित्रांत गंमत अशी आहे की एकाच चित्रात दोनतीन ठिकाणांहून बघितलेलं एकत्र असतं, खालनं पण आणि वरनं पण, रस्ता एका बाजूला कलतो आणि बिल्डिंग दुसऱ्या. कॅमेऱ्याला एका वेळी एकच जागा मिळते, त्याला कट मारून दुसरीकडं जावं लागतं. चित्रात सगळं एकदम हजर असतं.

विटेकर_अण्णा

मास्तर बरोबर पण फिल्ममध्ये आवाज आहे ना ओ. मागाचा आवाज चित्रात कसा आणणार. आमच्या विट्यात यंत्रमाग आहेत, गल्लीतनं जाताना खटखट खटखट, दोन माणसं ओरडून बोलतात, घरी आल्यावर पण ओरडूनच बोलतात, कारण सवय. ज्यानं ते ऐकलं नाही त्याला माग काय कळणार.

कशाला_उगाच

एक प्रामाणिक प्रश्न. नेटवर फोटो बघितले. मला तरी चित्रं उदास वाटली. रंग मळकट, माणसं जाड, कुणी हसत नाही. आमच्या औंधच्या म्युझियममध्ये जाऊन बघा, राजा रविवर्मा, धुरंधर, काय चित्रं आहेत, बघत राहावं. हे असलं गर्दीचं चित्र हॉलमध्ये कोण लावणार. वर किमती लाखांत. कामगाराचं चित्र आणि विकत घेणार मालक!

तासगावची_लेक

@कशाला_उगाच औंध मलाही आवडतं, पण तिथंच हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं आई आणि बाळाचं दगडी शिल्प पण आहे, ते काही रविवर्म्यासारखं गोड नाही. औंधचे राजे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, देवादिकांची काढायचे, तरी त्यांनी ते आणलंच की. सगळं हॉलमध्ये लावायलाच असतंय असं नाही.

माझा मुद्दा दुसरा. तुम्ही सगळे कामगार कामगार म्हणताय आणि डोळ्यासमोर पुरुषच आहे. गिरणीत बायका होत्या, वाइंडिंग, रीलिंग या सूत गुंडाळायच्या खात्यांत. पहिल्यांदा कमी केल्या त्या पण बायकाच. आणि नातूसाहेब ज्या खानावळी म्हणतायत त्या कोण चालवत होतं? वीस वीस माणसांची भाकरी कोण थापत होतं? पटवर्धनांचं 'रनिंग वुमन' म्हणून १९७७ चं चित्र आहे, धावणारी बाई. मी ते कॅटलॉगमध्ये बघितलं आणि मला पटकन आमची मोठी आत्या आठवली, ती कायम कशाच्या तरी मागं धावतच असायची, एसटी, रेशन, शाळा. ती काही सुंदर दिसत नव्हती धावताना. चित्रातलीही दिसत नाही, आणि बरंच आहे.

आणि गाव का नाही या प्रश्नावर, हरिपूरदादा, गावाचं चित्र काढायला गेले असते तर तुम्हीच म्हणाला असता की पुण्याचा डॉक्टर, ह्याला गावाचं काय कळतंय. :)

बिंदूचौक (कोल्हापूर)

पाहुणा म्हणून येतोय, चालेल ना. गाव आणि गिरणी एकत्र दाखवणारा चित्रकार आपल्याच भागात होऊन गेला राव, बाबूराव पेंटर! पडदे रंगवणारा माणूस, भाऊ आनंदरावबरोबर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडं वळला, कॅमेरा मिळेना तर स्वतः जुळवला. १९२५ ला 'सावकारी पाश' काढला. शेतकऱ्याची जमीन सावकार घेतो आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. पुराणातले देव सोडून असला विषय घेणं म्हणजे त्या काळात धाडसच. पोस्टरं सुद्धा स्वतःच रंगवायचे. म्हणजे चित्र आणि फिल्म दोन्ही हातात असलेला माणूस, आणि त्याला कळलं होतं की शहराची गोष्ट रानातनं सुरू होते.

पाटणचा_नातू (सातारा)

बिंदूचौक, जिंकलात. हेच म्हणायचं होतं मला. आणि नुसत्या गिरण्याच नाहीत, माथाडी पण आहेत. अण्णासाहेब पाटील आमच्या पाटण तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. १९६९ ला माथाडी कायदा झाला तो त्यांच्या लढ्यातनं. मुंबईच्या बंदरात, बाजारात पाठीवर पोतं घेणारा माणूस म्हणजे बहुतेक सातारा, सांगली नाहीतर पुणे जिल्ह्यातला. त्याची पाठ कुणी रंगवली?

रंगमास्तर (मिरज)

सावकारी पाश आज बघायला मिळत नाही हे लक्षात घ्या, आपण सगळे त्याच्या आठवणीवर बोलतोय. आणि तो कथापट, त्यात शेताकडनं शहराकडं जाता येतं कारण गोष्टीला सुरुवात आणि शेवट असतो. चित्राला तसं नसतं. चित्रात काळ दाखवायचा तर तो जागेतच दाखवावा लागतो. गिरणीची जुनी चिमणी आणि नवा टॉवर शेजारी शेजारी उभे केले की वीस वर्षं गेली. माझ्या मते पटवर्धनांनी गाव सोडलं नाही, त्यांनी गावाहून आलेला माणूस शहरात कसा बसतो, कसा उभा राहतो ते काढलं. उकिडवं बसणं बघा. शहरात जन्मलेला माणूस तसा बसत नाही.

हरिपूररोड (सांगली)

मास्तर, उकिडवं बसण्याचा मुद्दा खतरनाक आहे, फिल्म परत लावून बघणार.

मला अजून एक जाणवलं ते लिहितो. २००१ हे साल बघा. फिल्म २००१, 'लोअर परळ' चित्र २००१, आणि गिरण्यांच्या जमिनीच्या नियमातली ती मोठी दुरुस्ती पण २००१. १९९१ च्या नियमात साधारण असं होतं की गिरणीची जमीन विकायची तर एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ ला ते बदललं, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची, बांधकाम ज्यावर आहे ती जमीन हिशोबातनं बाहेर. म्हणजे लोकांच्या वाट्याला तुकडा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २००६ ला निकाल मालकांच्या बाजूनं लागला. चित्रकार आणि फिल्मवाले काही कायद्याचा अभ्यास करून बसले नव्हते बहुतेक, पण चित्र, फिल्म आणि नियम, तिघांचा विषय एकच, की ही जागा कुणाची होती. फिल्ममध्ये कुणी भाषण ठोकत नाही यावर, तरी बघताना ते सारखं टोचत राहतं.

@कशाला_उगाच किमतीचं म्हणणं खोटं नाही. पण याच पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' म्हणून समकालीन चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरवलं, मुंबईच्या गॅलरीत न येणाऱ्या लोकांनी अस्सल चित्र समोर उभं राहून बघावं म्हणून. एवढा उपद्व्याप कोण करतं?

कशाला_उगाच

ठीक आहे, एक पॉइंट दिला. मळकट रंगावर मात्र ठाम.

गणपतीपेठ

+१ मळकटला :)

पण सिरियसली, तुम्ही सगळे मुंबई मुंबई काय करताय, सांगली कुणी रंगवणार का नाही? २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५, अख्खी पेठ पाण्यात, पहिल्या मजल्यावरनं बोटीत उतरणारी माणसं, पाणी ओसरल्यावर दुकानाबाहेर रस्त्यावर ढीग, भिजलेल्या वह्या, साड्या, हळद. मोबाईलचे व्हिडिओ पायलीला पन्नास आणि आता कुणी बघत पण नाही. चित्र एक नाही. निदान माझ्या बघण्यात नाही. हरिपूरची पेवं बघा, जमिनीखाली हळद साठवायची, २००५ च्या पुरानं त्यांची वाट लागली. आता किती जणांना पेव बघून माहीत आहे? हे पण शहरच आहे ना, का चाळी आणि लोकल असल्याशिवाय शहर होत नाही?

विटेकर_अण्णा

आमचं ऐका मग. खानापूर आटपाडीकडचा माणूस गलाईच्या धंद्यात, सोनं चांदी गाळायला देशभर गेलेला. आमचा थोरला भाऊ कोइमतूरला आहे, दुकानाच्या मागं भट्टी, वर राहायला खोली, पोरं तमिळ बोलतात, घरात मराठी, यात्रेला सगळे गावात गाड्या घेऊन हजर, आठ दिवस गाव भरलेलं आणि नंतर मोठमोठ्या बंगल्यांना कुलपं. मुंबईचा कामगार निदान चित्रात तरी आला. आमच्या लोकांचं शहर कुठलं म्हणायचं, कोइमतूर का विटा? कुणी फिल्म काढणार असेल तर भट्टी दाखवायची सोय मी करतो, जेवणासकट.

तासगावची_लेक

अण्णा, हे स्वतंत्र धाग्याचं मटेरियल आहे, काढाच. फक्त भट्टी नको, वरच्या खोलीत राहणाऱ्या वहिनीला पण विचारा ती दिवसभर काय करते, भाषा येत नसताना बाजार कसा केला पहिल्या वर्षी.

पाटणचा_नातू (सातारा)

गणपतीपेठ, अण्णा, दोघांचंही पटतं पण मग ते आपणच करायला पाहिजे. पटवर्धन ठाण्यात राहिले म्हणून ठाणं रंगवलं. माझं बाहेरनं बघण्याबद्दलचं मत अजून तेच आहे मास्तर, उकिडवं बसणं दिसलं तरी खोली दिसली नाही ती नाहीच. फिल्म मात्र बघणार. साताऱ्यात दाखवायची असेल तर काय करावं लागेल?

रंगमास्तर (मिरज)

मतभेद राहू द्या. पण एक काम करा, आजोबांचं गिरणीचं काय शिल्लक आहे घरात? पास, पगाराचं पाकीट, बैठकीच्या खोलीतला ग्रुप फोटो? असेल तर स्कॅन करून ठेवा, आणि खोलीचा नकाशा घरातल्या कुणा जाणत्याला विचारून काढून घ्या, कुणाची वळकटी कुठं, चूल कुठं, फळी कुठं. चित्रकार नसलात तरी चालेल, पट्टीनं रेघा मारा. मला पाठवा, मी त्यावरनं काहीतरी करून बघतो.

पाटणचा_नातू (सातारा)

फोटो आहे मास्तर. आजोबा गेले, पण त्यांच्याच खोलीतले एक चुलतआजोबा गावाकडं आहेत, नव्वदीला आलेत पण डोकं शार्प आहे. शनिवारी जातोय, विचारून रेघा मारून आणतो.

हरिपूररोड (सांगली)

नातू, साताऱ्यात दाखवायचं असेल तर आधी रीतसर परवानगी घ्या, दिग्दर्शकांना मेल टाकायचा, आम्ही तसंच केलं. बाकी हॉल, पडदा आणि बरे स्पीकर. अण्णा म्हणाले ते खरं आहे, मागाचा आवाज नीट ऐकू आला पाहिजे, लॅपटॉपच्या स्पीकरवर ती फिल्म बघू नका.

पुढच्या वेळी याच दोघांची 'नाता' लावायचा विचार आहे, २००३ ची, धारावीवर, दंगलीनंतर तिथं सलोख्याचं काम करणाऱ्या दोन मित्रांची. मिरजेहून येणाऱ्यांनी आधी कळवा, मागच्या वेळी चौघं उभी होती.

गणपतीपेठ

खुर्च्या मी आणतो, मंडपवाला ओळखीचा आहे. भडंग कोण आणणार ते ठरवा.